सोमवार ते शनिवार देवाचं भान कसं ठेवता?

वाघूर | १३ एप्रिल, रात्री १०:१२

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न साधा आहे पण मला दोन-तीन महिने छळतोय. रविवारी उपासनेत बसलं की सगळं असतं. गाणी, वचन, प्रभुभोजनाचा रविवार असेल तर डोळ्यात पाणीसुद्धा येतं. दुपारी जेवून झोपले की उठेपर्यंत अर्धं उडालेलं असतं आणि सोमवारी साडेनऊला टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडली की मी ख्रिस्ती आहे हे माझ्या टेबलावरच्या वचनांच्या कॅलेंडरलाच काय ते माहीत. जळगावला एका डाळ मिलमध्ये अकाउंट्सला आहे मी. तूर, चना, बारदान, हमाली, बिल्ट्या, ई-वे बिल, अकरा तारीख आली की जीएसटीचं एक रिटर्न, वीस आली की दुसरं. संध्याकाळी स्कूटी स्टँडवरून काढताना आठवतं की अरे, आज दिवसभरात देवाशी एक शब्द बोलले नाही.

उपाय करून पाहिला. मोबाइलवर दर तासाचा अलार्म लावला, ट्यून म्हणून भजनच ठेवलं. तिसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याला फोनवर झापत होते, गाडी बैलगाडी आहे का वगैरे, आणि नेमकं तेव्हाच भजन सुरू. तो पलीकडून म्हणतो, मॅडम तुमच्याकडे कार्यक्रम चालू दिसतो, मी नंतर करू का? सगळं ऑफिस हसलं. अलार्म काढून टाकला.

"निरंतर प्रार्थना करा" असं पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो (१ थेस्स. ५:१७). निरंतर म्हणजे नेमकं किती? तुम्ही कसं करता? भाषण नको, खरंखुरं सांगा. जमत नसेल तर तेही सांगा, मला बरं वाटेल.

शेवभाजी_फॅन | १३ एप्रिल, रात्री १०:१९

पहिला! जमत नाही. वाटलं का बरं? :)

दादर_ज्वारी | १३ एप्रिल, रात्री ११:०५

देव काय रविवारले येस आन सोमवारले जास का भो? तो तठेच शे.

आता शुद्ध मराठीत. मी शिरपूरकडचा, शेती. आमच्याकडे मोटरीची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, म्हणजे एक वाजता बॅटरी घेऊन शेतात. मका डोक्याच्या वर गेलेला, खाली सापाची भीती आणि यंदा बिबट्याच्या बातम्या. अशा वेळेस माझी प्रार्थना इतकी निरंतर असते की पौलानेसुद्धा शाबासकी द्यावी. पण खरं सांगू का ताई, याला भान म्हणायचं का भ्या म्हणायचं ते मला कळत नाही. सकाळी घरी येऊन च्या पिला की मी बी विसरलो.

नर्स_नवापूर | १४ एप्रिल, पहाटे ४:४०

नाइट ड्यूटीवरून लिहितेय, थोडक्यात लिहिते.

आम्हाला साबणाने हात धुताना चाळीस ते साठ सेकंद धुवायचे असं शिकवलेलं आहे. प्रत्येक पेशंटच्या आधी, नंतर. म्हणजे एका ड्यूटीत किती वेळा होतं बघा. पूर्वी मी ते सेकंद मनात मोजायचे. मग एकदा सीनियर सिस्टर म्हणाल्या, मोजतेस कशाला, त्या पेशंटचं नाव घेऊन प्रार्थना कर, तेवढाच वेळ लागतो. तेव्हापासून तसं करते. नाव माहीत नसेल तर "बेड नंबर सहा" म्हणते. देवाला कळतं.

बाकीच्या वेळी नाही राहत भान. आमचं नवापूर स्टेशन कसं, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, तसं माझं डोकं असतं, अर्धं सलाइनमध्ये अर्धं घरी. पण नळाखाली हात गेला की आठवतं. आता तर घरी भांडी घासतानासुद्धा तोंडात कुणाचं तरी नाव येतं.

अभंगप्रेमी | १४ एप्रिल, सकाळी ९:३०

फार चांगला धागा. निवृत्त शिक्षक असल्यामुळे लांब लिहिणार, आधीच माफी मागतो.

वाघूरताईंचा हा प्रश्न नवा नाही. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्रदर लॉरेन्स म्हणून एक गृहस्थ होऊन गेले. जन्म १६१४ च्या सुमाराचा, तरुणपणी सैन्यात, लढाईत जखमी होऊन कायमचे लंगडे झालेले. पुढे पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात दाखल झाले आणि वाट्याला काय आलं, तर स्वयंपाकघर. तेही मुळीच न आवडणारं काम. वर्षानुवर्षं भांडी, चूल, बाजारहाट, आणि म्हातारपणी मठातल्या लोकांच्या चपला शिवणं. १६९१ साली वारले. त्यांचं म्हणणं एवढंच की कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ माझ्यासाठी निराळी नाही, स्वयंपाकघरातल्या गोंधळातही मी देवापाशी तितकाच असतो जितका गुडघ्यावर असताना. पण लोक एक गोष्ट सांगायची विसरतात. त्यांनाही ही सवय लागायला कित्येक वर्षं लागली आणि भान सुटलं की ते देवाला सरळ सांगत, मला माझ्यावर सोडलंस तर मी असाच वागणार, तूच सांभाळ. एवढं बोलून पुन्हा कामाला. रडारड नाही.

दुसरे फ्रँक लाऊबाख. हे अमेरिकन मिशनरी, फिलिपिन्समध्ये मिंदानाओ बेटावर होते. प्रौढ साक्षरतेत "एकाने एकाला शिकवावे" ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच. १९३० साली त्यांनी स्वतःवर प्रयोग केला की दर मिनिटातला निदान एक सेकंद देवाची आठवण करायची. पत्रांत प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की आज जमलं, आज अजिबात नाही.

आणि आपल्याकडचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा. त्यांची ख्रिस्ताशी ओळख कुठे झाली? चर्चमध्ये नाही. राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार हातात दिला तेव्हा. रोजच्या प्रवासातली गोष्ट. तेव्हा ताई, टॅली उघडलेली असताना देव भेटणार नाही असं समजू नका.

शेवभाजी_फॅन | १४ एप्रिल, सकाळी ९:५२

सर, तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, डाळीचा गाळ झाला. (हलके घ्या.) पण ते चपला शिवण्याचं भारी आहे, माहीत नव्हतं.

अवांतर: दर मिनिटाला एक सेकंद? मला दर मिनिटाला एक सेकंद बायकोचं म्हणणं नीट ऐकता आलं तरी खूप.

वाघूर | १४ एप्रिल, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत वाचतेय. नर्सताई, तुमचं ते "बेड नंबर सहा" सकाळपासून डोक्यात फिरतंय. सर, आभार, पण एक शंका आहे, मठातल्या माणसाला रिटर्नची तारीख नव्हती ना. त्याची भांडी कुणी ऑनलाइन रिजेक्ट करत नव्हतं.

लोको_भुसावळ | १५ एप्रिल, रात्री ८:०२

मी मालगाडी चालवतो. भुसावळहून कधी बडनेऱ्याकडे, कधी इगतपुरीकडे. ताईंचा अलार्मचा किस्सा वाचून हसलो, कारण आमच्या इंजिनात तसाच अलार्म असतो.

त्याला व्हीसीडी म्हणतात. ड्रायव्हर जागा आहे का नाही ते बघणारं यंत्र. साठ सेकंद ड्रायव्हरने काहीच केलं नाही तर आधी दिवा लुकलुकतो, तरी हालचाल नाही तर काही सेकंदांनी बझर, तरीही नाही तर गाडीला आपोआप ब्रेक. लोकांना वाटतं आम्ही बिचारे दर मिनिटाला बटण दाबत बसतो. तसं नाही ना! तुम्ही हॉर्न वाजवला, थ्रॉटल पुढे-मागे केला, ब्रेक लावला तरी यंत्राला कळतं की माणूस जागा आहे आणि घड्याळ परत शून्यापासून सुरू होतं. म्हणजे काम करणं हेच बटण दाबणं. खास बटण दाबायची पाळी तेव्हा येते जेव्हा लांबच लांब सरळ रूळ आहे, काहीच करायचं नाही, आणि डोळा लागायची शक्यता आहे.

मला वाटतं ताई, तुम्ही कामाच्या मध्ये बटण दाबायला गेलात. काम हेच बटण झालं तर? कलस्सैकरांस पत्रात आहेच की जे काही करता ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा (३:२३). मी तरी भान हरवतो ते कामात नाही, रनिंग रूमला, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीवर, पोचल्यावर मोबाइल घेऊन पडतो तेव्हा. तिथे बटण लागतं.

आणखी एक, मग थांबतो. इंजिनात मी आणि सहायक, आम्ही प्रत्येक सिग्नल मोठ्यानं बोलतो. हिरवा. दुसरा म्हणतो, हिरवा. दोघांनाही समोर दिसतोय. तरी बोलायचं, नियम आहे. नवीन होतो तेव्हा मला हे येडेपणाचं वाटायचं. माझी प्रार्थना आता साधारण अशीच असते. त्याला दिसतंयच. तरी बोलतो.

दादर_ज्वारी | १५ एप्रिल, रात्री ८:३०

+१. काय बोलना भाऊ! मोटरले बी असं यंत्र बसाडा कोनी तरी.

नर्स_नवापूर | १५ एप्रिल, रात्री ९:१५

लोकोदादा, कलस्सैकरांचं वचन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, काम म्हणजेच प्रार्थना म्हणता म्हणता आपण नुसतं कामच करत बसतो. मी दोन वर्षं तसं केलं, डबल ड्यूट्या ओढल्या आणि म्हणायचे हीच माझी सेवा. शेवटी कुठल्या तरी नातेवाइकावर इतकी खेकसले की मेट्रननी घरी पाठवलं. मार्था पण प्रभूच्याच घरकामात होती ना, लूक १० मधली. तिचं काम चुकीचं नव्हतं. पण ती चिडलेली होती.

लोको_भुसावळ | १५ एप्रिल, रात्री ९:४०

मान्य. थ्रॉटल चुकीच्या दिशेला ओढला तरी यंत्राला वाटतं ड्रायव्हर जागा आहे. हे मी लिहायला हवं होतं.

बोरीकाठ | १६ एप्रिल, सकाळी ७:१०

अमळनेरहून सलाम. सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे, पण मला एक वेगळं म्हणायचंय. लहानपणी आमची आई सारखं म्हणायची, "देव बघतोय हं." साखर चोरली, देव बघतोय. परीक्षेत मागे बघितलं, देव बघतोय. आता चाळिशी उलटली तरी देवाचं भान म्हटलं की मला कोपऱ्यातला सीसीटीव्हीच आठवतो. मग कशाला भान ठेवायचं? उलट विसरलेलं बरं वाटतं. हे कुणाला होतं का, का मीच एकटा?

शेवभाजी_फॅन | १६ एप्रिल, सकाळी ७:३३

तू एकटा नाही भो. आमच्या घरी तर आजोबांचा फोटो पण बघत होता.

लहान_पाळक | १६ एप्रिल, सकाळी ११:००

बोरीकाठ, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात प्रामाणिक वाटला. मी पाळक आहे, छोट्या मंडळीचा, आणि पाळकालाही विसर पडतो हे आधी कबूल करतो. संदेशाची तयारी करताना मी देवाविषयी चार-चार तास वाचतो आणि त्याच्याशी बोलायचं राहून जातं.

सीसीटीव्हीबद्दल. "पाहणारा देव" हे नाव पवित्र शास्त्रात पहिल्यांदा कुणी दिलं? हागारेने. उत्पत्ती १६. दासी, गरोदर, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली. तिला कुणी विचारत नव्हतं, तिचं नाव घेत नव्हतं, आणि झऱ्यापाशी देवदूत तिला नावाने हाक मारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस असं विचारतो. तेव्हा ती म्हणते, तू पाहणारा देव. तिला पकडलं गेल्यासारखं वाटलं नाही. कुणीतरी आपल्याला पाहिलं असं वाटलं. आपल्या आयांनी आपल्याला चुकीचं काही सांगितलं नाही, फक्त साखरेच्या डब्यापाशीच सांगितलं. ताप आला तेव्हाही म्हणायला हवं होतं, देव बघतोय.

बोरीकाठ | १६ एप्रिल, दुपारी १२:४५

हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

मोगरा_धुळे | १७ एप्रिल, सायं. ६:२०

मी कॅथलिक आहे, इथे बहुतेक दुसऱ्या मंडळींचे लोक दिसतात, तरी लिहिते. आमच्याकडे सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला देवदूताच्या निरोपाची प्रार्थना असते, पूर्वी घंटा व्हायची आणि लोक शेतात असतील तिथे थांबायचे. दानिएलसुद्धा दिवसातून तीनदाच गुडघे टेकत होता (दानिएल ६:१०), निरंतर नाही. आणि रात्री झोपण्याआधी दिवस मागे वळून बघायचा, ही संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत, आज देव कुठे भेटला आणि मी कुठे तोंड फिरवलं. मला दिवसभर भान राहत नाही, पण रात्री दिवस उलगडताना कळतं की तो तिथे होता. याकोबासारखं, तो पण झोपेतून उठल्यावरच म्हणाला ना, परमेश्वर इथे होता आणि मला ठाऊक नव्हतं.

आणि एक छोटी प्रार्थना आहे, पूर्वेकडच्या मंडळ्यांत फार जुनी. प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. बसमध्ये, रांगेत, मनात म्हणत राहते.

बोरीकाठ | १७ एप्रिल, रात्री ८:५०

ताई, राग मानू नका, पण तेच तेच म्हणणं म्हणजे मत्तय ६:७ मधली व्यर्थ बडबड नाही का होत? प्रभूने स्पष्ट मनाई केलीय.

मोगरा_धुळे | १७ एप्रिल, रात्री ९:०५

राग नाही. पण त्याच अध्यायात दोन ओळी खाली प्रभूची प्रार्थना आहे जी तुम्ही दर रविवारी म्हणता. आणि स्तोत्र १३६ उघडा, एकच ओळ सव्वीस वेळा आहे. यरीहोच्या आंधळ्या बार्तीमयाला लोक गप्प बस म्हणत होते आणि तो तेच वाक्य आणखी मोठ्याने ओरडत होता, येशूने त्याला बडबड्या म्हटलं नाही. (मार्क १०)

शेवभाजी_फॅन | १७ एप्रिल, रात्री ९:०७

गोल!

बोरीकाठ | १७ एप्रिल, रात्री ९:३०

सव्वीस मोजले. बरोबर आहे. तरी माझं मत पूर्ण बदललं नाही, तोंड चालू आणि मन बाजारात असं माझं होतं म्हणून मला भीती वाटते. तुमचं होत नसेल.

मोगरा_धुळे | १७ एप्रिल, रात्री ९:३४

होतं की. रोज होतं. बाजारातून परत आणते.

केळीबाग | १८ एप्रिल, दुपारी ३:१५

मी ख्रिस्ती नाही, यावल तालुक्यातला, केळीवाला. बायकोची मैत्रीण इथे लिहिते म्हणून वाचायला आलो. एक विचारू का? तुम्ही जे बोलताय ते आमच्याकडचं नामस्मरणच नाही का? सावता माळ्याने पंढरपूरला न जाता मळ्यातच विठ्ठल बघितला. आमच्या बहिणाबाई, शाळेचं तोंड न बघितलेली बाई, शेतात आणि घरात काम करता करताच तिला गाणी सुचली. मग फरक कुठे आला?

अभंगप्रेमी | १८ एप्रिल, सायं. ५:००

या, स्वागत आहे. टिळक स्वतः सांगत की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो. त्यांनी अभंग लिहिले ते हौस म्हणून नव्हे, त्यांना बोलता येणारी देवाची भाषा तीच होती. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, त्यात मोशे होता, रूथ होती, बेथलेहेमचा गोठा होता. पहाटे चारला जातं सुरू झालं की आम्ही पोरं त्या आवाजात परत झोपायचो. तिला कुणी "निरंतर प्रार्थना" म्हणजे काय विचारलं असतं तर तिने दोन पायल्या दळण पुढे केलं असतं.

लहान_पाळक | १८ एप्रिल, रात्री १०:१०

सर म्हणतात ते खरं, सवय सारखी आहे आणि ती आपण याच मातीतून घेतली यात लाज नाही. फरक विचारलात म्हणून सांगतो, वाद म्हणून नाही. आम्ही मानतो की तो देव एकदा माणूस झाला आणि नासरेथात सुतारकाम केलं. मार्क ६:३ मध्ये गावकरी त्याला सुतारच म्हणतात. लूक लिहितो की कामाला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. म्हणजे उपदेश, चमत्कार हे सगळं शेवटच्या थोड्या वर्षांतलं. त्याआधीच्या वर्षांबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. लाकूड, गिऱ्हाईक, उधारी, असंच गेलं असणार.

केळीबाग | १८ एप्रिल, रात्री १०:४०

म्हणजे त्याचेही पैसे लोकांनी थकवले असतील. हे आवडलं. आमच्या केळीच्या व्यापाऱ्यांना दाखवतो.

खापरावरचे_मांडे | १९ एप्रिल, सकाळी ८:००

सगळे इतकं जड जड लिहिताहेत, मी आपली हलकी गोष्ट सांगते. आमच्या महिला मंडळाचं सध्या बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, चालू आहे. चुलीवर चीक शिजवताना हात थांबवता येत नाही, थांबला की गाठी. तर एकीने घोटायचं आणि बाकीच्यांनी आळीपाळीने प्रार्थना करायची असं ठरवलं. परवा एका काकूंची प्रार्थना इतकी लांबली, गावातले, तालुक्यातले, दिल्लीतले सगळे झाले, घोटणारी म्हणाली, काकू आमेन म्हणा हो, हात तुटला.

शेवभाजी_फॅन | १९ एप्रिल, सकाळी ८:०४

बिबड्यांत लसूण घालता का नाही?

खापरावरचे_मांडे | १९ एप्रिल, सकाळी ८:१०

लसूण, तीळ, जिरं, तिखट. लसणाशिवाय कसली बिबडी.

मोगरा_धुळे | १९ एप्रिल, सकाळी ८:३०

आमच्या सासूबाई लसूण नाही घालत, वर्षभर टिकत नाही म्हणतात.

दादर_ज्वारी | १९ एप्रिल, सकाळी ८:४१

टिकाले उरस कुठं? आमनाकडे वाळाच्या आधीच ओल्या ओल्या खाऊन टाकतस पोरं. आन ज्वारी दादरच पाहिजे, हायब्रीडले चव नही.

(इथे बिबड्यांवर अठरा प्रतिसाद झाले, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. संपादक)

गिरणा_कोरडी | २१ एप्रिल, रात्री २:१०

हा धागा रोज वाचते. लिहू की नको करत होते.

माझा मुलगा गेल्या वर्षी गेला. एकोणीस वर्षांचा होता. गाडीवरून. तुम्ही सगळे विचारताय भान कसं ठेवायचं, मला तर उलटं भान आहे, की तो नाहीये. देव म्हणतेय मी. ईयोब म्हणतो पूर्वेकडे गेलो तर तो तिथे नाही, पश्चिमेकडे गेलो तर दिसत नाही. मंडळीत जाते, सगळे भेटतात, हात हातात घेतात, गाणी म्हणते. काहीच होत नाही. हात धुतानाची प्रार्थना वाचली, करून बघितली. हात धुतले गेले.

उत्तर द्यायला पाहिजे असं नाही.

शेवभाजी_फॅन | २१ एप्रिल, सकाळी ६:३०

ताई.

लोको_भुसावळ | २१ एप्रिल, सकाळी ६:५५

वाचलं ताई.

अभंगप्रेमी | २१ एप्रिल, सकाळी १०:००

ताई, काय लिहावं. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ साली छापली गेली, त्यात त्यांनी लिहिलंय की वर्षानुवर्षं त्यांना देव जवळ आहे असं जाणवत नव्हतं, आत फक्त अंधार होता. तरी त्या रोज उठून कामाला जात राहिल्या. तेव्हा तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका.

गिरणा_कोरडी | २१ एप्रिल, दुपारी १:३०

आभारी आहे सर. पण मी मदर तेरेसा नाही. मी त्याची आई आहे.

अभंगप्रेमी | २१ एप्रिल, दुपारी १:५०

चुकलो. माफ करा.

लहान_पाळक | २१ एप्रिल, रात्री ९:००

स्तोत्र ८८ वाचलं नसेल तर कधी वाचा. बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजेड येतो, यात येत नाही, शेवटचा शब्द अंधाराचाच आहे. पण ते सगळं बोलणं त्याच्याशीच चाललंय, आणि आपल्या लोकांनी ते स्तोत्र पुस्तकातून काढून टाकलं नाही. एवढंच.

नर्स_नवापूर | २१ एप्रिल, रात्री ११:४८

ताई, तुमच्या मुलाचं नाव मला मेसेजमध्ये कळवाल का? इथे नको. आज रात्री बऱ्याच वेळा हात धुवायचे आहेत.

वाघूर | २ मे, रात्री ९:४०

बरेच दिवसांनी येतेय. वीस तारखेचं रिटर्न, मग लग्नं, आणि त्यात हे ऊन. आज भुसावळला पारा किती गेला ते बघायची हिंमतच झाली नाही.

धागा माझा, म्हणून काय झालं ते सांगायला हवं. लोकोदादांचं यंत्र डोक्यात बसलं होतं. ठरवलं की वेगळं बटण नको. आमच्याकडे प्रत्येक एंट्रीला पार्टीचं नाव टाकावं लागतं. म्हटलं नाव टाइप करताना त्या माणसाचा एक क्षण विचार करायचा. पहिल्या दिवशी सात पार्ट्यांनंतर विसरले. दुसऱ्या दिवशी चार. मग एक दिवस त्याच ट्रान्सपोर्टवाल्याचं नाव आलं आणि बोटं थांबली. त्याला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, नुसतं विचारलं, गाडी निघाली का. तो घाबरला, म्हणाला निघाली मॅडम, खरंच निघाली! मग मी म्हटलं तुमची तब्येत कशी आहे. दोन मिनिटं तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, आज भजन नाही लागलं का?

बाकी भान राहतं का? नाही. बोरीकाठ म्हणतात तसं तोंड चालू मन बाजारात, माझं तर मन टॅलीतच. पण संध्याकाळी स्कूटी काढताना आता "एक शब्द बोलले नाही" असं होत नाही. दोन-तीन नावं आठवतात.

शेवभाजी_फॅन | २ मे, रात्री ९:५८

दोन-तीन म्हणजे माझ्यापेक्षा दोन-तीनने जास्त. मी पण खरं सांगून टाकतो, रोज रात्री हा धागा उघडतो आणि गिरणाताईंनी काही लिहिलंय का बघतो. ही प्रार्थना धरतात का माहीत नाही.

लहान_पाळक | २ मे, रात्री १०:२०

धरतात.

गिरणा_कोरडी | ६ मे, सायं. ७:१५

दळण घेऊन गिरणीत गेले होते. नर्सताईंचा रोज मेसेज येतो, फक्त त्याचं नाव, बाकी काही नाही. गिरणीचा आवाज एवढा मोठा होता की शेजारचीला सुद्धा ऐकू जाणार नाही, म्हणून पहिल्यांदा मोठ्याने बोलले त्याच्याशी. देवाशी म्हणजे. बोलले कसली, भांडले. जे मनात होतं ते सगळं. गिरणीवाल्याने डबा भरून दिला तेव्हा थांबले.

उत्तर काही आलं नाही. सांगावंसं वाटलं.

नर्स_नवापूर | ६ मे, सायं. ७:३०

बरं केलंत सांगितलं.

शेवभाजी_फॅन | ६ मे, सायं. ७:४४

ताई, आज जोक नाही. दळण कशाचं होतं एवढंच विचारतो.

गिरणा_कोरडी | ६ मे, रात्री ८:०२

दादर. त्याला आवडायची भाकरी.